5 जूनचा कार्यक्रम करताय? आधी तारखेचा हट्ट सोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या बाहेरच्या अंगाला दोनशेच्या आसपास घरांची सोसायटी. सांस्कृतिक समितीकडे पर्यावरण दिनाचं काम. दरवर्षी 5 जूनला रोपं लावायची, चित्रकला स्पर्धा घ्यायची, शपथ म्हणायची, मग नाश्ता. यंदा ‘जगभरातले लोक पर्यावरण रक्षणाचा उत्सव कसा करतात’ असा विषय घेऊन काहीतरी वेगळं करायचं आहे, हाताशी पंचवीसेक हजार रुपये आहेत आणि तुम्हाला कल्पना हव्यात. शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलं आहे की गेल्या तीन वर्षांत लावलेल्या रोपांपैकी पाच-सहाच उरली आणि लोकांचा उत्साहही आटलाय. माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. कल्पनांचा तुटवडा नाही. इंटरनेटवर ढिगानं मिळतील. अडचण ही की तुमच्याकडे उत्सव आहे, पण ज्याचा उत्सव करायचा ते काही उरत नाही.

शाळा, ग्रामपंचायती, सोसायट्या, अधूनमधून एखादी कंपनी यांच्यासोबत मी बरीच वर्षं हेच काम करतो आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: ‘पर्यावरण’ साजरं होत नाही. लोक एखादं झाड साजरं करतात, एखादा पक्षी, एखादा किनारा. आणि तेही त्याच्यासाठी आधी काही झीज सोसली असेल तरच. जगभरातले जे उत्सव टिकले, त्यांची तारीख बहुतेक वेळा त्या जीवानं किंवा तिथल्या ऋतूनं ठरवलेली दिसते. समितीच्या बैठकीत ठरलेल्या तारखांचं मात्र नव्याचे नऊ दिवस होतात.

आता 5 जूनचंच बघा. 1972 साली त्या दिवशी स्टॉकहोममध्ये संयुक्त राष्ट्रांची पर्यावरणावरची परिषद सुरू झाली, त्याची ही आठवण. म्हणजे मुळात ही एका सभेची तारीख आहे. झाड लावायला हा दिवस चांगला की वाईट, याचा कुणी विचार केला नव्हता, करायचं कारणही नव्हतं. पुण्याकडे पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. 2025 साली तो मे महिन्यातच येऊन थडकला, पण दरवर्षी तसं होईल या भरवशावर खड्डे भरू नयेत. 5 तारखेला तापलेल्या जमिनीत रोप लावलं, पाऊस दहा-बारा दिवस लांबला आणि टँकरचं पाणी आधीच मोजून मिळत असेल, तर ते रोप पहिल्या पंधरवड्यातच मान टाकतं. आपल्याकडे 1950 साली तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा पाऊस स्थिरावलेला असतो. तुमचं झाडं लावण्याचं काम त्या आठवड्यात ढकला, एवढ्यानंही फरक पडेल.

अमेरिकेतलं उदाहरण इथे मला फार पटतं. तिथला वृक्षदिन नेब्रास्का राज्यात सुरू झाला, 10 एप्रिल 1872 रोजी. जे. स्टर्लिंग मॉर्टन नावाच्या पत्रकार-राजकारण्याची ती कल्पना. नेब्रास्का म्हणजे गवताळ मैदान. वाऱ्याला आडोसा नाही, घरं बांधायला लाकूड नाही. त्यामुळे झाडं लावणं ही तिथल्या शेतकऱ्याची गरजच होती, आणि त्या पहिल्याच दिवशी सुमारे दहा लाख झाडं लागली असं सांगतात. पण खरी गंमत पुढची. ही प्रथा इतर राज्यांत पोचली तेव्हा सगळ्यांनी नेब्रास्काची तारीख डोळे मिटून घेतली नाही. फ्लोरिडात हा दिवस जानेवारीत असतो, हवाईत नोव्हेंबरमध्ये आणि अलास्कात चक्क मे महिन्यात, कारण तिथली जमीन तेव्हा कुठे लागवडीजोगी होते. एकाच देशात एकाच सणाच्या इतक्या तारखा! दक्षिण कोरियात वृक्षदिन 5 एप्रिलला असतो. आता तिथला वसंत लवकर उबदार होतो, म्हणून तो दिवस मार्चमध्ये आणावा की काय, अशी चर्चा बरीच वर्षं चालू आहे. याला मी जिवंत सण म्हणतो. हवामान बदललं तर तारीखही बदलावी का, हा प्रश्न तिथल्या लोकांना पडतो.

उलट टोकाचं उदाहरण तुर्कस्तानचं. 2019 साली तिथे 11 नोव्हेंबरला सकाळी 11 वाजून 11 मिनिटांनी देशभर 1 कोटी 10 लाख रोपं लावायचा कार्यक्रम झाला. अकराव्या महिन्याची अकरा तारीख, सगळे अकरा. एका प्रांतात तासाभरात तीन लाखांवर रोपं लावून विक्रमही नोंदवला. काही महिन्यांनी तिथल्या शेती-वन कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं जाहीर केलं की त्यांनी पाहिलेल्या जागांवर 90 टक्क्यांपर्यंत रोपं मेली आहेत. वेळ चुकीची निवडली, पाऊस झाला नव्हता. सरकारनं हा दावा फेटाळला आणि बहुतेक रोपं ठीक असल्याचं सांगितलं. खरं कुणाचं, त्यात आपण पडायला नको. पण लागवडीचा मुहूर्त आकड्यांच्या मोहात काढला की असे वाद येतातच. आपल्याकडेही कोटींच्या उद्दिष्टांचे कार्यक्रम झाले आहेत, तेव्हा तुर्कस्तानला हसायचं कारण नाही.

वांगारी माथाई यांनी केनियात जे केलं, ते मी प्रत्येक सोसायटीच्या समितीला सांगतो. 5 जून 1977 रोजी, म्हणजे पर्यावरण दिनालाच, नैरोबीच्या कामुकुंजी उद्यानात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात झाडं लावली. पुढे त्यातून ग्रीन बेल्ट चळवळ उभी राहिली आणि 2004 साली त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. समारंभाची सात झाडं सगळ्यांच्या लक्षात राहतात. मला महत्त्वाची वाटते ती त्यांची नंतरची रीत. गावोगावच्या बायका रोपवाटिका चालवायच्या, झाडं लावायच्या आणि त्यांना थोडे पैसे मिळायचे ते जगलेल्या रोपाचे. लावलेल्या रोपाचे नाही. या एका अटीनं सगळं चित्र पालटतं. तुमच्या सोसायटीत आज फोटो कशाचा निघतो? लावण्याचा. म्हणून लोक लावतात आणि घरी जातात. फोटो जगलेल्या झाडाचा निघू लागला, तर माणसं पाणी घालतील.

आता आपल्याच कोकणातला वेळासचा कासव महोत्सव. असा कार्यक्रम नक्की कसा चालतो, हे कुणी विचारलं की मी हेच उदाहरण आधी देतो. वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटजवळचं छोटं गाव. नाना फडणवीसांचं म्हणून बहुतेकांना माहीत असतं. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी माणसं उकरून न्यायची, उरलीसुरली कोल्ही-कुत्री खायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन संरक्षण सुरू केलं. हिवाळ्यात भल्या पहाटे किनाऱ्यावर फिरायचं, मादीच्या येण्याजाण्याच्या खुणा शोधायच्या, घरटं सापडलं की त्यातली शंभराच्या आसपास अंडी अलगद काढून भरतीरेषेच्या वर कुंपण घातलेल्या जागेत तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. ती मोजायची आणि पाण्याच्या थोडं अलीकडे वाळूवर सोडायची, म्हणजे ती स्वतः चालत समुद्रात जातात. हे सगळं काही वर्षं चाललं आणि मग 2006 साली महोत्सव सुरू झाला. हा क्रम लक्षात घ्या. आधी राखण, मग पाहुणे.

महोत्सवात होतं काय? फारसं काही होत नाही, आणि त्यातच त्याची ताकद आहे. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान लोक मुंबई-पुण्याहून येतात, गावातल्या घरांत राहतात, घरचं जेवण जेवतात. सकाळी आणि संध्याकाळी किनाऱ्यावर जातात. घरट्यावरची टोपली उचलली जाते. पिल्लं आली असतील तर दिसतात, नसतील तर नाही. पैसे भरून आलेल्या शहरी माणसाला ‘आज काही नाही, उद्या सकाळी बघू’ हे ऐकून घ्यावं लागतं. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, विजेरी लावायची नाही, फ्लॅश मारायचा नाही, पिल्लाला हात लावायचा नाही. यजमान कासव आहे, आपण पाहुणे, हे कुणी भाषण करून सांगावं लागत नाही. आणि राहण्या-जेवणाचा पैसा गावातल्या घरांत राहतो. ज्या घराला पूर्वी अंड्यांचे चार पैसे मिळत असतील, त्याला आता कासव वाचण्यात फायदा आहे. पुढे अंजर्ले आणि कोकणातल्या आणखी काही गावांत हीच रीत गेली.

वेळासला फक्त गोडीगुलाबी आहे असं मात्र नाही. गर्दी वाढली की किनाऱ्यावर ताण येतो, रात्रीचे दिवे वाढतात, आणि कुणीतरी सेल्फीसाठी दोरी ओलांडतंच. उत्सव मोठा झाला की ज्याच्यासाठी तो आहे त्यालाच त्रास व्हायला लागतो; ही भीती खरी आहे. त्यामुळे ‘लोक किती आले’ हे यशाचं माप मी मानत नाही.

आसाममधली गोष्ट तुमच्या सोसायटीला जास्त जवळची वाटेल. हरगिला हा मोठा करकोचा, दिसायला अजिबात देखणा नाही. टकलं डोकं, गळ्याला लोंबती पिशवी, आणि कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर मेलेलं काहीबाही खाणारा. कामरूप जिल्ह्यातल्या दादरा, पाचरिया या गावांत तो लोकांच्या परसातल्या उंच झाडांवर घरटी करतो. वरून विष्ठा पडते, कुजकं मांस पडतं, दुर्गंधी सुटते. साहजिकच मालक झाडच तोडून टाकायचे. पूर्णिमादेवी बर्मन या जीवशास्त्रज्ञ तिथे गेल्या आणि त्यांनी गावातल्या बायकांना हाताशी धरलं. व्याख्यानं देत बसल्या नाहीत. घरी बाळ येणार असलं की जसा सोहळा होतो, आपल्या डोहाळजेवणासारखा, तसा हरगिलाच्या विणीच्या हंगामात त्या पक्ष्यासाठी सुरू केला. गाणी, खाणं, सगळं साग्रसंगीत. बायका गामोशांवर (आसामी गमछ्यांवर) आणि साड्यांवर हरगिला विणू लागल्या. झाडाच्या मालकाचा जाहीर सत्कार व्हायला लागला. घरट्याखाली जाळी बांधायची, म्हणजे खाली पडणारं पिल्लू वाचतं. त्या गावांतल्या घरट्यांची संख्या 28 वरून 250 च्या पुढे गेली, आणि 2022 साली बर्मन यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ सन्मान मिळाला.

हे तुम्हाला जवळचं का, तर पुणे-मुंबईच्या कितीतरी सोसायट्यांत पर्जन्यवृक्षावर किंवा वडा-पिंपळावर वंचक, रातबगळे, पाणकावळे घरटी करतात. आणि जूनच्या आसपास समितीकडे तक्रारी येतात: गाड्या घाण होतात, वास येतो, फांद्या छाटा. पावसाळ्यापूर्वीची छाटणी म्हणून कंत्राटदार करवत घेऊन येतो आणि नेमक्या घरट्यांच्या फांद्या खाली येतात. पिल्लं रस्त्यावर पडलेली मी पाहिली आहेत. त्याच आवारात, त्याच महिन्यात, पर्यावरण दिनाची शपथही होते. तुमच्या आवारात असं झाड असेल, तर तुमच्या उत्सवाचा विषय ठरला म्हणून समजा. छाटणी अशा वेळी करा की घरटी रिकामी असतील, शक्यतो हिवाळ्यात. शहरात त्यासाठी 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते, तेव्हा अर्ज आधीच टाका. झाडाखालच्या चार-पाच गाड्यांना पावसाळ्यापुरती दुसरी जागा द्या. ज्यांनी ती जागा सोडली, त्यांचं नाव कार्यक्रमात घ्या. खरी झीज त्यांनी सोसली.

पार्किंगची जागा सोडायला कुणीच तयार झालं नाही तर? होईल तसं, बऱ्याचदा होतं. मग झाडाखाली पत्र्याची किंवा जाळीची शेड घालता येते. खर्च आहे, पण भांडण मिटतं. तुमचे पंचवीस हजार बॅनर आणि टी-शर्टवर घालवण्यापेक्षा तिथे लागले तर मला आवडेल.

सण बदलता येतो का, असं मला नेहमी विचारतात. येतो. अमेरिकेत नाताळच्या दिवशी गट पाडून, कोण जास्त पक्षी-प्राणी मारतो अशी शिकारीची स्पर्धा व्हायची. 1900 साली फ्रँक चॅपमन या पक्षीतज्ज्ञानं सुचवलं की बंदूक ठेवा आणि मोजा. त्या नाताळात 25 ठिकाणी 27 जणांनी पक्षी मोजले. आज ही गणना 14 डिसेंबर ते 5 जानेवारी या काळात हजारो गट करतात, आणि शंभराहून जास्त वर्षांच्या त्या नोंदींवरून कोणते पक्षी घटले, कोणते उत्तरेकडे सरकले, हे शास्त्रज्ञ सांगू शकतात. चॅपमननं लोकांची सवय मोडली नाही. थंडीत बाहेर पडायचं, गट करायचे, चढाओढ करायची, संध्याकाळी आकडे सांगायचे. सगळं तसंच ठेवलं, फक्त गोळी काढून घेतली. नागालँडमध्ये असंच काहीसं घडलं. दोयांग जलाशयाजवळ पांगती भागात 2012 साली जाळी लावून स्थलांतरित अमूर ससाण्यांची प्रचंड कत्तल होत असल्याचं उघड झालं. पुढच्याच हंगामात, 2013 साली, गावकऱ्यांनी आणि ग्रामपरिषदांनी ठरवून ती थांबवली. त्या वर्षी उपग्रहाचे टॅग लावलेल्या तीन पक्ष्यांना नावं दिली नागा, पांगती आणि वोखा. आपल्या गावाचं नाव घेऊन पक्षी आफ्रिकेला जातो आणि परत येतो, याचा अभिमान दंडाच्या भीतीपेक्षा जास्त काम करून जातो.

या धर्तीवर महाराष्ट्राकडे तयार मुहूर्त आहे. 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह: 5 ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला सालिम अलींचा. दिवाळीच्या आगेमागे, हवा छान, स्थलांतरित पक्षी पोचलेले. तुमच्या सोसायटीतल्या मुलांचे गट करा, रोज सकाळी अर्धा तास आवारात फिरून दिसलेले पक्षी लिहू द्या. पहिल्या वर्षी कावळा, कबुतर, साळुंकी, बुलबुल, शिंपी एवढेच लिहिले जातील. जाऊ द्या. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तुमच्याकडे तुमच्याच आवाराची नोंद असेल आणि मुलं भांडतील की गेल्या वर्षी तांबट होता, यंदा का नाही. चित्रकला स्पर्धेत हिरवी पृथ्वी आणि दोन हात काढण्यापेक्षा हे भांडण मला जास्त मोलाचं वाटतं.

मुलांना ‘जगभरातले उत्सव’ सांगायचेच असतील तर आइसलँडचं जरूर सांगा. तिथल्या वेस्टमन बेटांवर पफिन नावाचे समुद्रपक्षी बिळात घरटी करतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पिल्लं रात्री बिळातून निघून समुद्राकडे उडतात, पण गावातल्या दिव्यांनी गोंधळून रस्त्यात, बंदरात उतरतात. मग गावातली पोरं पुठ्ठ्याची खोकी घेऊन रात्रभर हिंडतात, पिल्लं गोळा करतात, दुसऱ्या दिवशी त्यांचं वजन करून नोंद होते आणि कड्यावरून वाऱ्यावर सोडून देतात. त्या दिवसांत पोरांना रात्री उशिरापर्यंत बाहेर राहायची मुभा असते, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं ही चंगळच. आणि हेही सांगा की त्याच बेटांवर पफिन खाण्याची जुनी रीत आहे. मुलांना हा विरोधाभास पेलतो. मोठ्यांनाच तो लपवावासा वाटतो.

राजस्थानातलं पिपलांत्री बहुतेकांनी ऐकलेलं असतं. राजसमंद जिल्ह्यातलं, संगमरवराच्या खाणींनी वेढलेलं गाव. सरपंच श्यामसुंदर पालीवाल यांची मुलगी गेली, आणि त्यानंतर गावानं ठरवलं की मुलगी जन्मली की 111 झाडं लावायची. सोबत तिच्या नावानं 31 हजारांची ठेव आणि आईवडिलांकडून लेखी हमी: शिक्षण पुरं करू, लवकर लग्न लावणार नाही, झाडं जगवू. राखी पौर्णिमेला मुली आपापल्या झाडांना राखी बांधतात. हे चित्र फार गोड आहे आणि म्हणूनच त्याची नक्कल फार होते. ठेव आणि हमीपत्र गाळून फक्त राखी उचलली की मागे उरतो तो दोऱ्यात गुंडाळलेल्या खोडाचा फोटो.

नकलेवरून बालीच्या न्येपीची आठवण झाली, कारण कुणीतरी ती सुचवतंच. शक संवताच्या पहिल्या दिवशी, म्हणजे आपल्या गुढीपाडव्याच्या सुमाराला, संपूर्ण बेट चोवीस तास थांबतं. दिवे नाहीत, रस्त्यावर कुणी नाही, विमानतळसुद्धा बंद. हवा आणि आकाश स्वच्छ होतं हे खरं, पण तो आत्मपरीक्षणाचा धार्मिक दिवस आहे. वीजबचत हा त्याचा परिणाम, हेतू नव्हे. सोसायटीत ‘आपणही एक तास दिवे बंद करू’ म्हटलं की पंधराव्या मिनिटाला लिफ्ट सुरू करा म्हणून फोन येतो. त्यापेक्षा आपल्याकडे जे आधीपासून आहे तिकडे बघा.

उदाहरणार्थ वटपौर्णिमा. बऱ्याचदा ती जूनमध्येच येते. बायका तशाही वडाकडे जाणार असतात, त्यांना बोलावणं पाठवायची गरज नाही. पण शहरात काय होतं? वडाच्या फांद्या तोडून बाजारात विकायला येतात आणि घरी कुंडीत खोचून पूजा होते. जवळपास वड असेल तर आधीच्या रविवारी त्याच्या बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडून मीटरभर माती मोकळी करा (रस्त्यावरचं झाड असेल तर प्रभाग कार्यालयाला विचारून), खोडातले खिळे, बॅनरच्या तारा काढा. पूजेनंतर सूत आणि प्लास्टिक गोळा करायची जबाबदारी समितीनं घ्यावी. फांदी विकत घेऊ नका, हे सुनेनं सांगितलं तर वाद होतो. सोसायटीतल्या एखाद्या आजींनी सांगितलं तर होत नाही. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्यानं याच अंगानं काम केलं. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी शेकडो एकर जंगल राखलं, आणि त्या जंगलातल्या रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा तिथे भरते. जंगल टिकलं म्हणून भाजी, भाजी ओळखता येते म्हणून जंगलाची किंमत. परिसंवादापेक्षा हे ताट जास्त बोलतं. पवारांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली.

आता अटी-शर्ती, कारण इथून पुढचं सगळं तुमच्या जागेवर अवलंबून आहे. तुमची बाग तळघरातल्या पार्किंगच्या स्लॅबवर असेल तर मोठी झाडं विसरा. तिथे दीड-दोन फूट माती असते. अर्जुन किंवा कदंब लावलात तर एक तर झाड मरेल, नाही तर गळती सुरू होऊन बिल्डरला फोन जातील. तिथे कढीपत्ता, अडुळसा, जास्वंद, फुलपाखरांसाठी पानफुटी-घाणेरीऐवजी रुई, लिंबू अशी झुडपं बरी. मोकळी जमीन असेल तर बहावा, करंज, तामण, कडुनिंब यांतून निवडा, पण अंतर ठेवा आणि ड्रेनेजच्या नळापासून लांब. पाणी टँकरचं असेल तर दहाच्या वर रोपं लावूच नका. पुण्यात खरी परीक्षा फेब्रुवारी ते मे ही असते, आणि ती एकदा नव्हे, पहिले दोन उन्हाळे. माळ्याच्या करारात ‘नव्या रोपांना आठवड्यातून दोनदा पाणी’ ही ओळ लिहून घ्या. ती ओळ नसेल तर माळी लॉनला पाणी घालणार, कारण तक्रार लॉनची येते.

तुमच्याजागी मी असतो तर असं केलं असतं. 5 जूनला फक्त हिशेब: गेल्या तीन वर्षांची रोपं कुठे आहेत, कोणती जगली, का जगली, हे मुलांनी फिरून नकाशावर मांडायचं. मेलेल्यांचीही खूण करायची, तीही सगळ्यांसमोर. वटपौर्णिमेला वड. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मोजकी रोपं, प्रत्येक रोपामागे दोन घरं. नोव्हेंबरात पक्षी. आणि मोठा कार्यक्रम, नाश्ता, बक्षिसं, सगळं मे महिन्याच्या अखेरीला. उन्हाळा काढलेल्या रोपांसाठी आणि ती जगवणाऱ्या घरांसाठी. सुट्टीत लोक गावाला गेलेले असतात, म्हणून शनिवार बघून घ्या. वर्षभरात पाच प्रसंग झाले, पण प्रत्येकाला खर्च थोडा आणि बैठक एकच.

समितीतून विरोध होईल तो 5 जूनच्या फोटोचा. महापालिकेच्या किंवा गृहसंस्थांच्या स्पर्धेत अर्ज करायचा असतो, त्याला त्या तारखेचा फोटो लागतो. मग नकाशासमोर मुलांचा फोटो काढा, चालतो.

एवढं वाचून तुम्ही तीन गोष्टी कळवल्यात तर पुढचं नेमकं सांगता येईल: बाग स्लॅबवर आहे की जमिनीवर, मार्च ते मे पाणी कुठून येतं, आणि आवारात किंवा फाटकाबाहेर तुमच्या सोसायटीपेक्षा जुनं असं एखादं झाड आहे का.